बेत आणि माया

मराठीत कापड बेततात. कापणे निराळे आणि बेतणे निराळे. कात्री हाती आली की पोरसुद्धा कापू शकते. बेतायला डोके लागते. समोर कापड किती आहे, पन्हा किती, अंगाचे माप काय, उभा धागा कुठे ठेवायचा, बाही कुठून निघेल, आणि उरल्या तुकड्यातून गळ्याची पट्टी तरी सुटेल का, हा सगळा हिशेब आधी मनात मांडायचा आणि मगच कात्री उचलायची. जेवणाचा बेत, लग्नाचा बेत आणि 'परिस्थिती बेताची' हे सगळे याच घरातले शब्द. दुसरा एक शब्द मला याहून आवडतो. शिवण घालताना कडेचे जे कापड आत राखून ठेवतात, त्याला आपल्याकडे 'माया' म्हणतात. मुलगी वाढेल, बाई बाळंतपणानंतर अंगाने भरेल, म्हणून आत ठेवलेली ती जागा. दुकानातला तयार कपडा घरी जाऊन उलटा करून पाहा. त्यात माया किती आहे ते दिसेल!

हे आत्ताच सांगण्याचे कारण असे की, गेल्या काही वर्षांत आमच्या नागपुरात एक गंमत पाहते आहे. पंचविशी-तिशीच्या मुली घरी मशीन घेऊन बसू लागल्या आहेत. कोणी मिहानमधल्या कंपनीत नोकरीला, कोणी शाळेत शिकवणारी. आठवडाभर काम करायचे आणि शनिवार-रविवारी जुन्या धाटणीचे कपडे शिवायचे. कमरेत घट्ट आणि खाली छत्रीसारखा घेर असलेला झगा, गोल कॉलर, फुग्याच्या बाह्या. नाहीतर आजीच्या काळ्या-पांढऱ्या फोटोत दिसते तसे कोपरापर्यंत बाह्यांचे, लेस लावलेले खणाचे पोलके. त्या याला 'विंटेज' म्हणतात. आम्ही त्याला 'आईने शिवलेला फ्रॉक' म्हणत होतो. असो. नावाशी माझे भांडण नाही, आणि नागपूरच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात सुती कापडाचा मोकळा घेर आणि हवा खेळती ठेवणारी फुग्याची बाही यांहून शहाणा कपडा दुसरा नाही. पण या नव्या हौसेत जुन्या गोष्टीचा अर्धाच भाग परत येतो आहे, आणि उरलेला अर्धा आपल्या डोळ्यांदेखत निघून चालला आहे, असे मला वाटते. त्यासाठी हा लेख.

आधी त्या घेराविषयी. पॅरिसमध्ये १२ फेब्रुवारी १९४७ रोजी ख्रिस्तियाँ दिओर या माणसाने आपले पहिले कपडे लोकांपुढे मांडले, तेव्हा त्या घेरदार झग्यांनी गहजब झाला. महायुद्धात इंग्लंडमध्ये कपडे कुपनावर मिळत होते. आपल्याकडेही १९४३मध्ये कापड आणि सूत यांच्यावर सरकारी नियंत्रण आले होते. अशा दिवसांत एका झग्याला इतके कापड? मी बँकेतली बाई, मला आकडे मांडल्याशिवाय राहवत नाही. कमर २८ इंच आणि लांबी २६ इंच धरा. पूर्ण गोल घेरासाठी कमरेची त्रिज्या जेमतेम साडेचार इंच येते आणि खालच्या काठाची साडेतीस इंच. म्हणजे खालचा काठ झाला १९० इंचांच्या वर, जवळजवळ १६ फूट! ३६ इंच पन्ह्याच्या कापडावर दोन अर्धगोल बेतायचे तर घेरालाच सव्वातीन मीटर कापड हवे. आणि ती १६ फूट कड हाताने दुमडून बारीक टाके घालायचे. शिवाय त्यातले काही कापड उरेब पडते. ते रात्रभर टांगून ठेवले नाही, तर पहिल्याच धुण्यात एका बाजूने लोंबते. हे सारे कोणत्याही झकास फोटोत दिसत नाही.

आमच्या घरी हा हिशेब आईच्या तोंडी होता. नागपुरात कापडाची वाण नव्हती. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी इथे सुरू झाली. व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित केले तोच दिवस, म्हणून हे नाव. वऱ्हाडचा कापूस, नागपूरचे सूत आणि इतवारी-गांधीबागेतली ठोक दुकाने, असा तो काळ होता. आई गांधीबागेतून एकच थान आणायची आणि आम्हा चौघी बहिणींचे फ्रॉक त्यातूनच निघायचे. दिवाळीच्या फोटोत आम्ही एखाद्या बँडपथकासारख्या दिसतो. थोरलीचा फ्रॉक धाकटीला यायचा तेव्हा शिवण उसवून माया आत घेतली जायची, पुढल्या वर्षी पुन्हा बाहेर सोडली जायची. तो फ्रॉक संपला की त्याची पिशवी, पिशवी संपली की पुसणे, आणि धडके तुकडे गोधडीत. मिल १९८६मध्ये राज्य सरकारच्या महामंडळाकडे गेली आणि २००२मध्ये बंद पडली. त्या जागेवर आता मॉल उभा आहे आणि तिथे कपड्यांची दुकाने आहेत. त्या दुकानांतले कापड कुठल्या गावचे, हे मात्र कोणी सांगू शकत नाही.

मुंबईच्या झारापकरांनी कटिंगची पद्धत पुस्तकात बसवली. छातीच्या मापाच्या हिश्शांवरून मुंढा, गळा, खांदा कसा काढायचा, हे त्यांनी शिस्तीत मांडले, आणि महाराष्ट्रातल्या किती शिवणवर्गांचा संसार त्या एका पद्धतीवर चालला! आईचे शिक्षण मात्र असे पुस्तकी नव्हते. ती वर्तमानपत्रावर कोळशाने बेत काढायची. त्यासाठी रविवारची पुरवणी सर्वांत सोयीची, कारण तिच्या मधल्या पानाची घडी मोठी. लेखकांनी मनाला लावून घेऊ नये. मीसुद्धा घेत नाही. माझ्या काही लेखांचे पुढे मुंढे आणि बाह्या झाल्या आहेत आणि त्या रूपात ते जास्त दिवस टिकले आहेत.

या कपड्यांचे नाव प्रत्येक पिढीत बदलले. खणाची चोळी बेताने कापलेल्या तुकड्यांची आणि पुढे गाठ मारायची. त्या खणासाठी गुळेदगुड्डच्या मागांकडे पाहायचे. मग पोलके आले. मग इंग्रजी जंपरचे झंपर झाले आणि शेवटी ब्लाऊज. चोळीत बटण नव्हते की हूक नव्हता. बाई जाड झाली, बारीक झाली, तरी गाठ सैल किंवा घट्ट करून भागायचे. पुढे टक्स आले, कटोरी आली, प्रिन्सेस कट आला आणि कपडा अंगाला नेमका बसू लागला. जो कपडा नेमका बसतो, त्याच्या आत माया जास्त राखावी लागते. हे गणित ज्याला कळले, त्याला शिवण कळले.

आणि हे गणित येणारी माणसे कुठवर गेली, तेही पाहा. कोल्हापूरच्या भानू अथैया, माहेरच्या राजोपाध्ये. जन्म १९२९चा, वडील चित्रकार. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या आणि 'ईव्हज् वीकली' या साप्ताहिकासाठी कपड्यांची चित्रे काढू लागल्या. संपादिकाबाईंनी बुटीक काढले आणि त्यांना म्हटले, चित्रे काढतेसच, तर कपडेही करून पाहा. तिथून त्या चित्रपटात गेल्या. 'वक्त' १९६५मध्ये आला आणि त्यातल्या साधनाच्या अंगाबरोबर बसणाऱ्या चुडीदार-कुर्त्याने शहरोशहरी शिंप्यांना कामाला लावले. आमच्या ओळखीतल्या मुली सीताबर्डीच्या टॉकीजमध्ये एकच सिनेमा दोनदा पाहायच्या. पहिल्यांदा गोष्टीसाठी आणि दुसऱ्यांदा गळ्यासाठी. गळा नजरेत साठवून आणायचा आणि घरी वर्तमानपत्रावर उतरवायचा. पुढे 'गांधी'च्या वेशभूषेसाठी १९८३मध्ये भानूबाईंना जॉन मॉलो यांच्यासह ऑस्कर मिळाले. ऑस्कर मिळवणारी ती पहिली भारतीय व्यक्ती, आणि ती मराठी बाई, कपडे बेतणारी! २०२०मध्ये त्या गेल्या तेव्हा आपण त्यांची आठवण काढली. एरवी आपण 'शिवणकाम' हा शब्द कसा उच्चारतो, ते ठाऊकच आहे.

जुन्या काळाचे गोडवे गाण्याचा माझा इरादा नाही. 'गृहकृत्यदक्ष, शिवणकाम-विणकाम जाणणारी' असे लग्नाच्या जाहिरातीत छापून यायचे, आणि ज्या मुलीला सुईचा तिटकारा असे तिलाही रुमालावर गुलाब काढावाच लागे. माझ्या थोरल्या बहिणीने लग्नानंतर मशीनला हात लावला नाही. आयुष्यभर तयार कपडे घेतले आणि सुखी राहिली. तिचे मला पटते. सक्तीची कला ही वेठबिगारी असते. आज जी मुलगी हौसेने शिवते तिला 'आमच्या काळी' म्हणून टोमणे मारू नयेत, आणि जी शिवत नाही तिलाही मारू नयेत. माझा मुद्दा वेगळा आहे. जे काम घरात फुकट झाले, त्याला आपण कौशल्य मानले नाही; आणि जे कौशल्यच मानले नाही, त्याची नोंद कोण ठेवणार?

हे मला बँकेत शिकायला मिळाले. १९८०पासून एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम देशभर राबवला गेला. गरीब कुटुंबाला म्हैस, शेळ्या, टपरी, आणि बाईला बहुधा शिलाई मशीन. थोडे अनुदान, बाकीचे कर्ज. भंडारा जिल्ह्यातल्या एका शाखेत असताना अशा कितीतरी मशिनींची तपासणी मी केली. अर्जात मशीनची किंमत, कंपनी, क्रमांक, तारण, हप्ता, सगळ्याला रकाना होता. या बाईला बेतता येते का, याला रकाना नव्हता. काही महिन्यांनी तपासणीला जावे, तर कुठे मशीनवर पाण्याची गुंडी, कुठे पोरांची दप्तरे. एका बाईने मला सरळ विचारले, "मॅडम, मशीन त देल्ली तुमी, पण लोकं काऊन येतीन माह्याकडं? मले सरळ शिवता येते, कापता नाही येत." तिला ट्रायसेममधून प्रशिक्षण मिळाले होते, ही योजनाही १९७९पासूनची. त्यात टीप सरळ कशी घालायची ते शिकवले होते. त्याच गावात दुसऱ्या टोकाला एक विधवा बाई होती. तिची मशीन जुनी, सासूच्या वेळची, चाक हाताने फिरवायची, आणि कर्जाची तिने कधी मागणी केली नव्हती. पण तिच्या दारात लग्नसराईत ब्लाऊजपीसांची रास लागलेली असे. माप न घेता नुसता जुना ब्लाऊज पाहून ती नवा बेतायची. भांडवल म्हणाल तर तिच्या डोक्यात आणि बोटांत होते. आमच्या कागदांवर मात्र लोखंडाचे.

मशीन हप्त्याने द्यायची कल्पनासुद्धा जुनी आहे. सिंगर कंपनीने अमेरिकेत १८५६मध्ये ती सुरू केली. घरातल्या वस्तूसाठी हप्ते बांधून घेण्याच्या पहिल्या मोठ्या प्रयोगांतला तो एक. म्हणजे उसनवारीवर संसार चालवण्याचा आजचा धडा जगाने शिवणयंत्रावर गिरवला! आमच्याकडे १९३०च्या दशकात कोलकात्यात 'उषा' तयार होऊ लागली आणि नंतर ती मध्यमवर्गाच्या घरोघर, विणलेल्या झाकणाखाली, खिडकीजवळ विराजमान झाली. यंत्रांविषयी गांधीजींचे मत सर्वांना ठाऊक आहे. पण १९२४मध्ये एकाने त्यांना विचारले की तुम्ही सगळ्याच यंत्रांच्या विरुद्ध आहात का, तेव्हा त्यांनी अपवाद म्हणून सिंगरच्या शिवणयंत्राचे नाव घेतले. बायकोचे कष्ट पाहून नवऱ्याने ते बनवले, त्यामागे प्रेम आहे, असे त्यांचे म्हणणे. मग विचारणाऱ्याने पेचात धरले: पण ही यंत्रे बनवायला मोठा कारखाना लागेलच ना? त्यावर गांधीजींचे उत्तर होते की, असले कारखाने राष्ट्राच्या मालकीचे किंवा सरकारी ताब्यात असावेत. राष्ट्रीयीकृत बँकेत उमेदवारी केलेल्या मला हे उत्तर वाचून हसू आले, आणि थोडे बरेही वाटले.

मग तयार कपड्यांचा कारखाना. तो वाईटच, असे म्हणून कसे चालेल? त्याने गोरगरिबाच्या पोराला धड शर्ट मिळवून दिला. पण घरी एकदा शर्ट शिवून पाहावा, म्हणजे डोळे उघडतात. कॉलर उलटून टोक नेमके काढायचे, बाही मुंढ्यात चुण्या न पडता बसवायची, काज-बटणे करायची. सरावाच्या हातालाही दिवस जातो. कारखान्यात प्रत्येक माणूस एकच शिवण घालतो म्हणून वेळ कमी लागतो, हे मान्य. तरी ३०० रुपयांना शर्ट मिळतो तेव्हा कापड, बटणे, वाहतूक, दुकानाचे भाडे, मालकाचा नफा वजा करून शिवणारीच्या हाती काय उरले असेल, याची वजाबाकी कोणत्याही गृहिणीला तोंडी करता येईल. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ सावरला राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि ११०० हून अधिक माणसे मेली. बहुतेक कपडे शिवणारी, आणि त्यांत बायाच जास्त. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी त्यांना कामावर बोलावले होते. त्या बायांपैकी कितीजणींना अख्खा कपडा बेतू दिला गेला असेल? एकीने आयुष्यभर फक्त खिसेच लावायचे, ही रचनाच तशी आहे.

घरी शिवणाऱ्या मुलीला ही वजाबाकी आपोआप कळते, म्हणून मला तिची हौस मोलाची वाटते. एरवी आपण २० हजारांची पैठणी मुकाट घेतो आणि ब्लाऊज शिवणारीशी ५० रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करतो. हे दृश्य मी नागपुरात, पुण्यात, सगळीकडे पाहिले आहे. स्वतः एकदा काखेतली शिवण उसवून पुन्हा घातली की माणूस घासाघीस करत नाही.

पण मघाशी म्हटले तो उरलेला अर्धा भाग? आमच्याच इमारतीत एक मुलगी आहे. तिने १९५०च्या धाटणीच्या झग्याचा छापील कागदी नमुना मिळवला. असे मापाचे कागदी नमुने विकायला अमेरिकेत बटरिक नावाच्या शिंप्याने १८६३मध्ये सुरुवात केली, ती परंपरा अजून चालू आहे. मुलीने कापड आणले, कापले, शिवले. झगा खांद्यात ओघळला, छातीत आवळला आणि पाठीत फुगला. नमुना तिकडल्या बांध्याचा. आपल्या मुलीचे खांदे अरुंद, पाठ आखूड. ती खट्टू झाली आणि म्हणाली, "माझं अंगच बेढब आहे." तयार कपड्यांच्या 'एस', 'एम', 'एल' या तीन अक्षरांनी एका पिढीला काय शिकवले, ते या एका वाक्यात आहे. कपडा बसला नाही तर दोष अंगाचा!

तळमजल्यावर ७८ वर्षांच्या एक काकू राहतात. त्यांनी ४० वर्षे शेजारपाजारच्या बायकांचे ब्लाऊज शिवले. मिळकत विचाराल तर 'घरबसल्या थोडंफार'. मुलीला मी त्यांच्याकडे नेले. काकूंनी झगा उलटा केला, मुलीला पाठमोरी उभी केली, खांद्यावर दोन टाचण्या लावल्या, पाठीत एक चिमूट घेतली आणि म्हणाल्या, "अंग चांगलंच आहे बापा तुहं. हा कागद दुसरीसाठी काढला आहे." अर्ध्या तासात नवा बेत निघाला. छापील नमुन्यातला एकही वळसा त्यांनी वाया जाऊ दिला नाही. कॉलरचे त्यांनी कौतुकही केले. फक्त मुंढा हलवला, पाठ आखूड केली आणि शिवणीला इंचभर माया ठेवायला लावली. "लग्न होईन, लेकरं होतीन, तवा कामी येईन," असे कारण सांगितले. त्यावर मुलगी हसली. नाही झाले तरी माया असू द्यावी, असे माझे मत.

मला जतन करण्यासारखे वाटते ते हे ज्ञान. फुग्याची बाही छापील नमुन्यातून परत आणता येते. अंग पाहून बेतणे तसे परत येत नाही. ते या काकूंसारख्या बायांपाशी आहे आणि त्या सत्तरी-ऐंशीच्या आहेत. आपल्याकडे गाणे शिकायला गुरूला फी देतात, गणित शिकायला शिकवणीला देतात. मग काकूंकडे शिकायला जाताना 'काकू, जरा दाखवता का' असे म्हणून, चहा पिऊन, थँक्यू म्हणून निघून यायचे, हे मला मान्य नाही. महिला मंडळांनी हळदीकुंकवाच्या वाणात प्लास्टिकचे डबे वाटण्यापेक्षा चार महिने असा एखादा वर्ग चालवावा आणि शिकवणाऱ्या बाईला तासाप्रमाणे, ठरवून पैसे द्यावेत. त्यांच्या ट्रंकेतले वर्तमानपत्रावरचे जुने बेत चांगल्या कागदावर उतरवून, कोणाचे, कोणत्या वर्षीचे, ते लिहून ठेवावे. हातमागाच्या पदराचा एवढा अभ्यास होतो, तर बेताचा का होऊ नये?

आमच्या इमारतीतले ठरले आहे. दर शनिवारी दोन तास, तीन मुली, प्रत्येकी २०० रुपये तासाला. पैशाचा विषय निघाल्यावर काकू आधी संकोचल्या, मग आत जाऊन बँकेचे पासबुक घेऊन आल्या आणि खाते अजून चालू आहे का, ते मला पाहायला सांगितले. चालू होते. दुसरी अट त्यांनी स्वतःच घातली. प्रत्येकीने कात्री आपली आपली आणायची. त्यांची कात्री लग्नाआधीची आहे आणि तिला अजून कागद लागलेला नाही.